घोड्याच्या पायावरची पिवळी अंडी

घोड्याच्या पुढच्या पायांवर, विशेषतः गुडघ्याच्या आतल्या बाजूला आणि त्याखालच्या नळीवर, कधीकधी फिकट पिवळे ठिपके दिसतात. आकाराने ते खसखशीच्या दाण्याहून किंचित लांबट असतात. एकेका केसाला एकेक ठिपका चिकटलेला असतो. पाण्याने धुतले तरी तो जात नाही आणि नेहमीचा खरारा त्याच्यावरून नुसता फिरतो. ही बॉट माशीची अंडी. या माशीचे बाकीचे जवळजवळ सगळे आयुष्य घोड्याच्या तोंडात, पोटात किंवा जमिनीखाली जाते, त्यामुळे घोडेवाल्याला ती सहज सापडते ती याच अवस्थेत. तिला कमी श्रमात आणि बिनखर्चात अडवण्याची जागाही हीच.

रायगड जिल्ह्यात घोडा शेतीच्या कामाचा नाही. पेण आणि रोहा तालुक्यांतल्या भातखाचरांत बैल होते, आता पॉवर टिलर आले. इथला घोडा पर्यटनाचा आणि मिरवणुकीचा. जिल्ह्यात घोड्यांची सर्वांत मोठी वस्ती कर्जत तालुक्यातल्या माथेरानला आहे. तिथे मोटारींना बंदी असल्यामुळे दस्तुरी नाक्यापासून पुढे प्रवासी आणि सामान अनेक वर्षे घोडे, हातरिक्षा आणि छोटी रेल्वे यांनीच नेले. ई-रिक्षा अगदी अलीकडे आल्या. अलिबागला ओहोटीच्या वेळी कुलाबा किल्ल्यापर्यंत घोडागाड्या जातात, आणि काशीद-मुरूडच्या वाळूवर पर्यटकांना फेरी मारून आणणारे घोडे असतात. पेण आणि रोहा ही या किनाऱ्याकडे जाणाऱ्या वाटेवरची गावे. मुंबई-गोवा महामार्गावरून पेण ओलांडले की वडखळला अलिबागचा फाटा लागतो, आणि रोह्याहून कुंडलिकेच्या कडेने रेवदंडा-मुरूडकडे उतरता येते. या दोन गावांत घोडा दिसतो तो मुख्यतः वरातीत. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात येणारी जनावरे बहुतेक गाई-म्हशी आणि शेळ्या. घोडा कमी, त्यामुळे घोड्याच्या या खास परजीवीची चर्चाही कमी.

बॉट माशा म्हणजे गॅस्टेरोफिलस या प्रजातीतल्या माशा. घोडा, गाढव, खेचर आणि झेब्रा हे त्यांचे यजमान. गाई-म्हशींना त्या धरत नाहीत. प्रौढ माशी केसाळ आणि तपकिरी-पिवळसर, पहिल्या नजरेत मधमाशी वाटावी अशी. तिला काम करणारे मुखांगच नसते, त्यामुळे ती चावत नाही, रक्त पीत नाही आणि काही खातही नाही. अळीच्या वयात साठवलेल्या ताकदीवर ती काही दिवस, फार तर दोनेक आठवडे जगते आणि तेवढ्यात जोडीदार शोधून अंडी घालते. एक मादी शेकड्यांनी अंडी घालते. काही जातींत हा आकडा हजाराच्या घरात किंवा त्याहूनही पुढे जातो.

अंडी घालण्याची तिची रीत पाहण्यासारखी असते. ऊन असलेल्या, वारा पडलेल्या वेळी ती घोड्याच्या पायाजवळ घिरट्या घालते, पोटाचे टोक पुढे वळवते, क्षणभर केसाला टेकते आणि लगेच दूर होते. त्या एका स्पर्शात चिकट द्रवासह एक अंडे केसाला डकवले जाते. मग पुन्हा घिरटी, पुन्हा स्पर्श. गोमाशीसारखा दंश नसूनही घोडे या माशीला कमालीचे बिथरतात. पाय आपटतात, मान झटकतात, दुसऱ्या घोड्याच्या अंगाला अंग लावून उभे राहतात, कधी थेट उधळतात. पाठीवर पर्यटकाचे लहान मूल बसलेले असताना घोडा असा बिथरला तर पुढच्या दुखण्याआधी हीच मोठी भीती.

भारतात आढळणाऱ्या जातींपैकी पायावर अंडी घालणारी जात गॅस्टेरोफिलस इंटेस्टिनॅलिस. तिची अंडी पुढच्या पायांवर सर्वाधिक, पण खांद्यावर, बरगड्यांवर आणि आयाळीच्या टोकांवरही असतात. दुसरी जात, नेसॅलिस, जबड्याखालच्या खोबणीतल्या केसांवर अंडी घालते. तिसरी, हेमोरॉइडॅलिस, ओठांभोवतीच्या बारीक केसांवर, आणि तिची अंडी काळपट असल्याने नजरेतून सुटतात. पेकोरम ही जात घोड्याच्या अंगाला शिवतच नाही. ती चराऊ गवताच्या पात्यांवर गटागटाने अंडी घालते आणि ती चाऱ्याबरोबर पोटात जातात. चीनच्या शिनजियांग प्रांतातील कलामैली अभयारण्यात पुन्हा सोडलेल्या रानटी प्रझेवाल्स्की घोड्यांना याच जातीने हैराण केले आहे. तिथे पाय खरवडून काही उपयोग नाही, कारण अंडी पायावर नसतातच.

पायावरच्या अंड्यात साधारण पाच ते सात दिवसांत अळी तयार होते, पण ती आपणहून बाहेर येत नाही. घोड्याने पाय चाटला की जिभेची ऊब, ओलावा आणि घर्षण यांनी अंड्याचे झाकण उघडते आणि अळी जिभेला चिकटून तोंडात जाते. घोड्याने लवकर चाटले नाही तर आतली अळी काही आठवडे तशीच तग धरू शकते. घोडे एकमेकांचे खांदे आणि मान दातांनी खाजवतात, त्यामुळे एकाच्या खांद्यावरची अंडी दुसऱ्याच्या तोंडात जाणेही नेहमीचे. जबड्याखालच्या नेसॅलिसच्या अंड्यांना मात्र चाटण्याची गरज नसते. ती आपोआप फुटतात आणि अळ्या कातडीवरून सरपटत तोंडापर्यंत पोहोचतात.

तोंडात गेलेली अळी जिभेच्या वरच्या थरात किंवा दातांमधल्या हिरड्यांत शिरते आणि तिथे तीन-चार आठवडे वाढते. या काळात हिरड्यांत पूभरल्या खोबणी होऊ शकतात. घोडा लगाम घ्यायला नाखूश होतो, चारा तोंडात घोळवतो, चंदी सांडतो. घोडेवाला याचा दोष बहुधा दातांना किंवा लगामाच्या कडीला देतो, आणि तो दोष काही वेळा खराही असतो. पुढे अळी गिळली जाते आणि जठरात पोहोचते. इंटेस्टिनॅलिसच्या अळ्या जठराच्या वरच्या, ग्रंथी नसलेल्या भागात, दोन अस्तरांच्या सीमेजवळ घोळक्याने चिकटतात. नेसॅलिसच्या अळ्या त्याच्यापुढे, लहान आतड्याच्या तोंडाशी असतात. आकड्यासारख्या मुखांगांनी अस्तर पकडून त्या तिथे आठ-दहा महिने राहतात. दीड-दोन सेंटिमीटर लांब, जाडसर, तांबूस-पिवळट आणि अंगावर काट्यांच्या ओळी असलेली पूर्ण वाढलेली अळी शेवटी पकड सोडते आणि लिदीबरोबर बाहेर पडते. जमिनीत शिरून ती कोष करते आणि काही आठवड्यांनी माशी होऊन वर येते.

या अळ्यांचे नुकसान किती, यावर पशुवैद्यकांत जुना वाद आहे. इंग्रज पशुवैद्य ब्रेसी क्लार्क यांनी १७९७ साली या माशांवर नेटका अभ्यास प्रसिद्ध केला, आणि त्यांचे मत या अळ्या फारशा उपद्रवी नसाव्यात असेच होते. ते सगळेच चुकीचे नव्हते. चांगले खाणाऱ्या धडधाकट घोड्याच्या जठरात कितीतरी अळ्या असूनही बाहेरून काहीच कळत नाही, आणि मेलेल्या घोड्याच्या शवविच्छेदनात त्या अनेकदा योगायोगानेच सापडतात. पण संख्या वाढली की चित्र बदलते. चिकटलेल्या जागी खड्ड्यासारखे व्रण पडतात, जठराचे तोंड अडू शकते, पोटशूळ उठतो, घोडा खंगतो, आणि फार क्वचित जठराची भिंत फाटते. दिवसभर चढ-उतार करणाऱ्या, तुटपुंज्या चाऱ्यावर असणाऱ्या घोड्याला यातले थोडेही जड जाते. घाबरून जाण्याजोगा हा रोग नव्हे. त्याकडे काणाडोळा करणे मात्र कष्टाच्या घोड्याच्या बाबतीत परवडणारे नाही.

अळ्या पोटात आहेत की नाहीत हे लीद तपासून कळत नाही, ही गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. इतर जंत आतड्यात अंडी घालतात आणि ती लिदीत सूक्ष्मदर्शकाखाली दिसतात. बॉट माशी पोटात अंडी घालतच नाही. तिथे असते ती फक्त अळी. त्यामुळे लीद तपासणीचा अहवाल स्वच्छ आला तरी जठर भरलेले असू शकते. जठरात दुर्बीण घालून पाहता येते, पण ती सोय मोठ्या शहरांतल्या मोजक्या पशुरुग्णालयांत. पेण-रोह्याच्या घोडेवाल्याकडे खात्रीचा पुरावा एकच, तो म्हणजे पायावरची अंडी, आणि कधी लिदीत पडलेली एखादी जाड अळी.

अंडी शोधायला सकाळचा कोवळा उजेड चांगला. तांबड्या किंवा काळ्या घोड्यावर ती लांबूनही दिसतात. वरातीला मात्र पांढऱ्या घोड्याला मागणी असते, आणि पांढऱ्या केसांवर फिकट पिवळे अंडे डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. अशा वेळी केसांच्या उलट दिशेने बोटे फिरवावीत, खरखर हाताला लागते. पावसाळ्यात पायांवर चिखलाचे थर असतात, तेव्हा आधी पाय धुऊन कोरडे करावेत आणि मग पाहावे. उवांच्या लिखाही केसांना चिकटतात, पण त्या बहुधा मानेवर, आयाळीच्या मुळाशी, कातडीलगत असतात, आणि घोड्याला सतत खाज असते. बॉटची अंडी पायांवर, केसाच्या लांबीवर, आणि खाजेशिवाय. फुटून गेलेल्या अंड्याचे रिकामे टरफलही केसाला दीर्घकाळ चिकटून राहते. भिंगातून पाहिल्यास त्याचे झाकण उघडलेले दिसते. टरफल दिसणे म्हणजे त्यातली अळी कधीच आत गेली आहे, हे समजून घ्यावे.

आता काढण्याची पद्धत. परदेशात यासाठी वाकड्या, दातेरी पात्याची खास सुरी मिळते, आणि सच्छिद्र दगडासारखी एक वडीही मिळते. रायगडच्या बाजारात त्या शोधत बसण्यात अर्थ नाही. टाचा घासायची वजरी हे काम उत्तम करते. बोथट पात्याची लहान सुरी, उवांची बारीक फणी किंवा सेफ्टी रेझरही चालतो. केस फार दाट आणि अंडी फार असतील तर तेवढ्या भागाचे केस कात्रीने किंवा मशिनने उतरवणे सर्वांत सोपे. थोडे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावून काही मिनिटे थांबले तर अंडी केसावरून घसरवायला सोपी जातात.

घोड्याला एका माणसाने मोहरकीने धरावे, झाडाला करकचून बांधू नये. काढणाऱ्याने खांद्याच्या बाजूला उभे राहावे, समोर किंवा पायांच्या मध्ये बसू नये. हात आधी खांद्यावर ठेवून हळूहळू खाली आणावा, म्हणजे पायाला स्पर्श झाल्यावर घोडा दचकत नाही. पाते केसांच्या दिशेने, कातडीला जवळजवळ समांतर धरून हलके ओढावे. जोर लावण्याचे कारण नाही, कारण अंडे केसाला चिकटलेले असते, कातडीला नाही. पुढच्या पायाच्या आतल्या बाजूला गुडघ्याच्या वर शिंगासारखी एक कडक गाठ असते. ती जन्मजात असते. तिला अंड्यांचा गोळा समजून खरवडू नये. नळीच्या मागच्या बाजूला कातडी पातळ आणि शिरा वर असतात, तिथे रेझरपेक्षा फणी किंवा वजरी बरी.

हे काम कुठे करायचे, याला काम कसे करायचे याइतकेच महत्त्व आहे. चाऱ्याच्या जागेवर किंवा तोबऱ्याशेजारी अंडी खरवडली तर ती केसांसकट चाऱ्यात पडतात आणि घोडा त्यांना आयतेच गिळतो. तबेल्यापासून दूर, खाली जुना कपडा किंवा वर्तमानपत्र पसरून काढावीत आणि केसांसकट जाळून टाकावीत. हातमोजे घालावेत किंवा नंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत, आणि मधल्या वेळात डोळे चोळू नयेत. माणसाच्या कातडीत किंवा डोळ्यात या अळ्या गेल्याची उदाहरणे जगभरात क्वचित नोंदली गेली आहेत. क्वचित म्हणून बेफिकीर राहावे अशी ही जागा नव्हे, आणि लहान मुलांना या कामाला लावू नये.

कोमट पाण्याचा उपायही जुना आणि शास्त्राला धरून आहे. हाताला सोसेल इतक्या गरम पाण्यात फडके बुडवून अंडी असलेल्या भागावर चोळले की घोड्याने चाटल्याचा भास होऊन तयार झालेली अंडी फुटतात, आणि बाहेर आलेल्या अळ्या तोंड न मिळाल्याने मरतात. याला मर्यादा दोन. कालच घातलेली, अळी तयार न झालेली अंडी याने फुटत नाहीत. आणि पाय पुसून कोरडे होईपर्यंत घोड्याला ते चाटू द्यायचे नसतात, नाहीतर उपायच उलटतो. रॉकेल किंवा टर्पेंटाइन चोळण्याची सवय काही ठिकाणी आहे, ती सोडलेली बरी. त्याने कातडी भाजते आणि चाटल्यावर ते पोटात जाते.

अंडी किती दिवसांनी काढायची, याचे उत्तर माशीच्या वेळापत्रकातच आहे. अळी तयार व्हायला किमान पाच दिवस लागतात. दर दोन-तीन दिवसांनी पाय साफ केले तर एकही अंडे तयार होण्याइतके जुने होत नाही. आठवड्यातून एकदाच केले तर आधीच्या दिवसांतली अंडी तोवर तयार झालेली असतात, आणि मग ते काम दिसायला चोख पण बरेचसे निष्फळ. अंडी दिसण्याच्या हंगामात रोजच्या खराऱ्याबरोबर पायांवरून एक हात फिरवणे हीच सर्वांत सोयीची सवय. कोकणात कडाका पडत नाही, त्यामुळे थंड देशांसारखा माशीचा हंगाम एका झटक्यात संपत नाही. मुसळधार पावसात माशी उडत नाही, पण उघडीप पडली आणि ऊन आले की पाय तपासावेत. पर्यटनाच्या गर्दीचे महिने आणि उन्हाचे दिवस इथे एकत्र येतात. दुपारी माशीच्या वेळेला घोडा अंधाऱ्या, गार तबेल्यात ठेवावा हा सल्ला म्हणूनच काशीदच्या घोडेवाल्याला ऐकायला बरा आणि पाळायला अवघड; बॉट माशी बंद जागेत सहसा शिरत नाही हे खरे असले तरी.

आधीच गिळलेल्या अळ्यांवर मात्र पाय खरवडण्याचा काही परिणाम होत नाही. तिथे औषध लागते. पूर्वी कार्बन डायसल्फाइडसारखी जहाल द्रव्ये नळीने पोटात सोडत. १९८० च्या दशकात आयव्हरमेक्टिन आले आणि हा प्रकार संपला. जपानी जमिनीतल्या सूक्ष्मजंतूपासून मिळालेल्या या औषधाच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. घोड्यासाठी तोंडावाटे मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, म्हणजे ३०० किलोच्या तट्टाला ६० मिलिग्रॅम. मॉक्सिडेक्टिनही लागू पडते. जंतांवर सर्रास दिली जाणारी फेनबेंडाझोल आणि पायरँटेल ही औषधे बॉटच्या अळ्यांवर काम करत नाहीत, त्यामुळे ‘जंताचे औषध झाले’ एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. गाई-म्हशींसाठीचे आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन घोड्याला टोचू नये. टोचल्या जागी गंभीर सूज आणि जिवाणूंचा संसर्ग झाल्याचे दाखले आहेत. थंड प्रदेशात पहिले दव गोठले की औषध द्यायचे, असा नियम आहे. तो कोकणात लागू नाही. नवी अंडी दिसायची कधी थांबली, याची घोडेवाल्याने ठेवलेली साधी नोंद पशुवैद्याला औषधाची वेळ ठरवायला जास्त उपयोगी पडते. औषध वारंवार देण्यातही शहाणपण नाही. जंत त्याला निर्ढावतात, आणि लिदीतून बाहेर पडणारा अंश शेणकिड्यांना मारतो. माथेरान २००३ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथे तर याचा विचार आधी व्हायला हवा.

लिदीची व्यवस्था हा या साखळीतला शेवटचा दुवा. अळी लिदीतून पडते आणि जवळच्याच मातीत शिरते. लीद रोज उचलून खड्ड्यात किंवा ढिगात नीट कुजवली तर आतल्या उष्णतेने अळ्या आणि कोष मरतात. तबेल्याबाहेर पसरून ठेवलेली लीद पुढच्या हंगामाच्या माशा तिथेच तयार करते. नंदुरबारजवळच्या सारंगखेड्याच्या किंवा नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेतून नवा घोडा आणला असेल तर इतरांत सोडण्यापूर्वी त्याचे पाय, जबड्याची खोबण आणि ओठ तपासावेत, आणि पशुवैद्याच्या सल्ल्याने औषध देऊन काही दिवस वेगळा बांधावा.

पायावर अंडी दिसली, घोडा चारा टाकत असेल किंवा लिदीत जाड अळी पडली, तर ती अळी बाटलीत घालून तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात दाखवावी. दवाखाना लांब असेल तर फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक लावावा. तो निःशुल्क आहे.